हात दाखवून अवलक्षण

ठाण्यात गोखले रोड ओलांडताना माझी आई सिग्नलकडे बघत नाही, रिक्षावाल्याकडे बघते. भाजीची पिशवी डाव्या हातात, उजवा तळवा पुढे, चेहऱ्यावर ‘थांब रे बाबा’. रिक्षा थांबत नाहीच, पण जराशी हळू होते. तेवढ्यात आई दोन पावलं पुढे. एखादी स्कूटर तिच्या पाठीमागून वळसा घालून निघून जाते. रस्त्याच्या मधोमध आई थबकते, पुन्हा हात, पुन्हा दोन पावलं, की पोचली. वय ७४. नौपाड्यात जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मागच्या वर्षी ती तीन महिने माझ्या बहिणीकडे जर्मनीत, लाइपझिगला राहून आली. पहिल्याच आठवड्यात बहिणीचा फोन. “दादा, हिला तूच सांग. ही ट्रामला हात दाखवते.”

तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणी लेकीकडे, मुलाकडे किंवा टूरबरोबर परदेशी निघालं की आई त्यांना माझ्याकडे पाठवते. व्हिसा, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, थंडीचे कपडे याबद्दल सांगणारे पुष्कळ असतात. रस्ता कसा ओलांडायचा ते कुणी सांगत नाही, कारण तो तर आपल्याला येतोच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी आपला हात ठाण्यात का चालतो ते बघू. तो हात म्हणजे विनंती असते, थोडी दटावणीही असते. समोरच्याने तो पाहिला, वेग कमी केला, की सौदा ठरला. एकदा रस्ता ओलांडताना असे चार-पाच सौदे होतात आणि प्रत्येक जागच्या जागी ठरतो. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही पाटी वाचत वाढलेली माणसं आपण. पण हे जमतं ते वेगामुळे. संध्याकाळी गोखले रोडवर कुणालाच धड पंचवीसच्या पुढे जाता येत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराचं एक कोष्टक छापलेलं असतं. ताशी ३२ किलोमीटर वेगाने येणारी गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते, ४८ च्या वेगाला २३ मीटर लागतात आणि ६४ ला ३६. बारा मीटर म्हणजे साधारण एका एसटी गाडीची लांबी धरा. म्हणजे एक एसटी, दोन एसटी, तीन एसटी. वेग दुप्पट झाला की अंतर तिप्पट होतं. त्याचं कारण, डोळ्यांनी पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी धावतच असते, आणि त्यापुढे ब्रेकला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

ज्या शहरात गाड्या मोकळ्या रस्त्यावर पन्नासने येतात (जर्मन शहरांत सर्वसाधारण मर्यादा तेवढीच आहे), तिथे ऐनवेळचा सौदा कुणालाच परवडत नाही. तिथे तो आधीच ठरवून ठेवलेला असतो. या पट्ट्यांवर गाडीने थांबायचं, त्या दिव्यावर माणसाने. चालवणारा पट्टे वाचतो, दिवा वाचतो. मधेच उगवलेला हात त्याच्या वाचनात नसतो. नव्या शहरात उतरलं की इथला सौदा कुठे लिहून ठेवलाय ते आधी शोधायचं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. ती इतकी साधी आहे की ऐकणारे मान डोलावतात आणि विसरतात. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे फुटपाथवरून खाली उतरताना पहिली गाडी उजवीकडून येते, आणि मध्य ओलांडला की डावीकडून. अमेरिका, कॅनडा, जवळजवळ अख्खं युरोप, दुबई, तुर्कस्तान, चीन, व्हिएतनाम इथे बरोबर उलटं. आपल्यासारखे डावीकडून चालणारे म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, श्रीलंका, नेपाळ. लंडनमध्ये फुटपाथच्या कडेला डांबरावरच मोठ्या अक्षरांत ‘लुक राइट’ लिहिलेलं असतं, ते आपल्यासाठी नाही. युरोपातून, अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी आहे. आपली मान तिथे आपोआप बरोबर वळते.

पण मान आपोआप वळते, हाच तर घोळ आहे. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर एक ५७ वर्षांचे ब्रिटिश गृहस्थ रस्त्याच्या साधारण मध्यावर टॅक्सीतून उतरले. मित्राचा घरनंबर त्यांना आठवत नव्हता, म्हणून समोर जाऊन शोधावा म्हणून ते रस्ता ओलांडायला लागले. सवयीने डावीकडे पाहिलं, तिकडची गाडी अजून लांब होती, म्हणून निघाले. गाडी आली उजवीकडून. ते गृहस्थ विन्स्टन चर्चिल. थोडक्यात वाचले. सवयीनेच दगा दिला, असं त्यांनी नंतर स्वतःच लिहिलं. एरवी चर्चिलचं आणि आपलं जमायचं कारण नाही, पण या बाबतीत ते आपल्याच पंगतीतले.

स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाची बाजू डावीकडून उजवीकडे बदलली. त्यासाठी आधी किती तरी महिने प्रचार चालला होता. आपल्याला मात्र आठ-नऊ तासांचं विमान, अर्धवट झोप आणि विमानतळाचं दार. पहिल्या दिवशी दमलेलं डोकं सवयीवर चालतं, म्हणून पहिला दिवस सगळ्यात वाईट.

‘उजवीकडे बघ, डावीकडे बघ’ असं घोकून ऐनवेळी काही आठवत नाही. मी आईला एक खूण सांगितली होती. आपल्या बाजूला कडेने उभ्या केलेल्या गाड्या बघ. त्यांची तोंडं जिकडे, तिकडे वाहतूक जाते. म्हणजे त्यांच्या शेपटीच्या बाजूने गाडी येणार. जर्मनीत गाडी वाहतुकीच्या दिशेनेच लावावी लागते, त्यामुळे ही खूण चालते. ब्रिटनमध्ये उलट तोंडाने लावलेल्याही दिसतात. आणि ठाण्यात ही खूण वापरायचा विचारही करू नये.

पट्ट्यांची गंमत वेगळीच. आपल्याकडे झेब्रा क्रॉसिंग म्हणजे सिग्नलला बाइकवाल्यांनी पुढची चाकं टेकवायची जागा. कायद्याने तिथे पादचाऱ्याचा हक्क पहिला आहे, पण हे वाक्य बोलून बघा रिक्षावाल्यासमोर. युरोपातल्या बऱ्याच देशांत बिनसिग्नलच्या पट्ट्यांशी नुसतं उभं राहिलं तरी गाडी थांबते. ब्रिटनमध्ये पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या खांबावर पिवळा गोळा लुकलुकत असतो. तिथे पाऊल टाकल्यावर गाडीने थांबलंच पाहिजे असा नियम जुना आहे. जानेवारी २०२२ पासून, नुसता वाट बघत उभा असलेल्यालाही वाट द्यावी अशी सूचना कोडमध्ये आली. अर्थात थांबेलच असं गृहीत धरून डोळे मिटून उतरू नये. चाकांकडे बघावं, ती मंदावली की निघावं.

उलट बाजूने आपलीही एक जबाबदारी येते, ती आईकडून कळली. लाइपझिगमध्ये एकदा मावशीचा फोन आला म्हणून ती बोलत उभी राहिली, नेमकी पट्ट्यांच्या तोंडाशी. एक गाडी थांबली. आईने हाताने ‘तू जा’ केलं. चालवणाऱ्या बाईंनी हाताने ‘तुम्ही या’ केलं. आईने पुन्हा ‘जा गं’. मागे आणखी दोन गाड्या थांबल्या, हॉर्न कुणीही वाजवला नाही. शेवटी आईला लाज वाटली आणि पलीकडे काहीही काम नसताना ती रस्ता ओलांडून गेली. मग परत यायला आणखी तीन गाड्या थांबवल्या. ओलांडायचं नसेल तर पट्ट्यांपाशी रेंगाळू नका, चार पावलं लांब उभं राहून बोला.

दिव्यांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे ज्येष्ठ मंडळी घाबरतात. पहिली गोष्ट म्हणजे बटण. पुष्कळ ठिकाणी खांबावरचं बटण दाबल्याशिवाय माणसाचा हिरवा दिवा लागतच नाही. तीन हात नाक्यावर आपण खांबाला हात लावतो तो फार तर टेकायला. आई एकदा त्या खांबाशी बराच वेळ उभी होती. गाड्यांचा दिवा दोनदा हिरवा झाला, तिचा एकदाही नाही. मग शाळेतून येणाऱ्या एका मुलाने येऊन पिवळी डबी दाबली.

दुसरी गोष्ट, हिरवा दिवा फार लवकर जातो. बारा मीटरचा रस्ता, आई निम्म्यात पोचते न पोचते तोच लाल. ती दचकून परत फिरली होती. हे करायचं नसतं. तिकडच्या हिशोबात हिरवा दिवा फक्त रस्त्यावर उतरायची परवानगी देतो. जो उतरला त्याला पलीकडे पोचायला लागणारा वेळ लाल लागल्यानंतरही राखून ठेवलेला असतो, तोवर आडव्या गाड्यांना हिरवा मिळत नाही. हा वेळ काढताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे बारा मीटरला दहा सेकंद. अमेरिकेतही पूर्वी जवळपास एवढाच वेग धरत, २००९ पासून तो सेकंदाला साडेतीन फूट, म्हणजे एक मीटरच्या जरा वर आणला. पण गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला, तर त्याच बारा मीटरला पंधरा सेकंद लागतात. हे वरचे पाच सेकंद आणायचे कुठून? सुरुवातीतून. आईला सांगितलं, शिळा हिरवा घ्यायचा नाही. आपण पोचलो तेव्हा आधीपासून हिरवा असेल तर तो जाऊ द्यायचा, लाल होऊ द्यायचा आणि पुढचा ताजा हिरवा लागला रे लागला की निघायचं. अमेरिकेत लुकलुकणारा नारिंगी पंजा दिसतो आणि शेजारी आकडे उलटे मोजले जातात. नव्याने उतरू नका, उतरला असाल तर चालत राहा, असा त्याचा अर्थ. सिंगापूरमध्ये तिथल्या ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबाला टेकवलं की हिरव्या माणसाला ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. पाहुण्यांना ते कार्ड मिळत नाही, पण कल्पना बघा.

तिसरी गोष्ट आपल्याला अजिबात सुचत नाही. माणूस हिरवा असला म्हणजे गाड्या सगळ्या थांबलेल्या असतील असं नाही. जर्मनीत आणि अमेरिकेत सरळ चालणाऱ्या माणसाला आणि वळणाऱ्या गाडीला एकाच वेळी हिरवा असू शकतो. वळणाऱ्याने माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं आणि बहुतेक जण देतातही, पण गाडी अंगाशी येऊन थांबते तेव्हा धस्स होतं. अमेरिकेत शिवाय लाल असताना उजवीकडे वळायची मुभा असते. आपल्या फ्री लेफ्टचं आरशातलं रूप म्हणा. फरक एवढाच की आधी पूर्ण थांबून मग वळायचं, निदान नियमात तरी. न्यूयॉर्क शहरात तशी पाटी नसेल तर ही मुभा नाही. ओलांडताना खांद्यावरून मागे एक नजर टाकायची ती या वळणाऱ्यांसाठी.

लाइपझिगच्या सिग्नलमधला माणूस टोपी घालतो, ते आईला फार आवडलं. १९६१ मध्ये पूर्व जर्मनीत कार्ल पेगलाउ या वाहतूक मानसशास्त्रज्ञाने तो काढला होता. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तो जाणार होता, लोकांनी हट्टाने ठेवून घेतला. आईने त्याचा फ्रिज मॅग्नेट आणलाय.

आता आवाज. आपण ठाण्यात निम्मा रस्ता कानाने ओलांडतो, हे तिकडे गेल्याशिवाय लक्षात येत नाही. मागून रिक्षा येते आहे हे बघायला आपण वळत नाही, ती सांगतच येते. तिकडे हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवी, त्यामुळे कान रिकामे राहतात आणि मेंदू समजतो की रस्ताही रिकामा आहे. त्यात विजेच्या गाड्या. त्यांचा आवाज एवढा कमी की युरोपात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला हळू चालताना, म्हणजे ताशी २० किलोमीटरपर्यंत, मुद्दाम आवाज काढायला लावलेत. सायकलला तो नियम नाही. नेदरलँड्समध्ये तांबूस डांबराची पट्टी दिसली तर ती शोभेची नाही, सायकलची वाट आहे. जर्मनीत कित्येकदा फुटपाथच्याच अर्ध्या भागात लाल विटांचा पट्टा असतो. आपल्या मनात फुटपाथ म्हणजे एकसंध जागा, त्यावर वडापावची गाडी असली तरी. तिकडे त्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढला की मागून घंटी वाजते आणि जर्मन भाषेतला एक शब्द ऐकू येतो, ज्याचा अर्थ बहीण सांगत नाही.

ट्रामचं तर सोडूनच द्या. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तेव्हा आई शाळेत होती. तिच्या अंगात ट्रामची सवय असायचं कारण नाही. ट्राम रुळांवरून हलू शकत नाही, म्हणून वळसा घालून जाऊ शकत नाही. लोखंडावर लोखंड, म्हणून लवकर थांबूही शकत नाही. नेदरलँड्समध्ये पट्ट्यांवरसुद्धा ट्रामला माणसासाठी थांबायची सक्ती नाही. हात दाखवून उपयोग नाही. रूळ दिसले की थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, आणि एक ट्राम गेली की तिच्या आडून दुसरी येत नाही ना हे बघून मगच निघायचं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, तिकडे सगळं कागदावर ठरलेलं असतं. मग हनोई बघा. तिथे मी टूरबरोबर गेलो होतो, ग्रुपमध्ये निम्मे ठाणेकर. ‘आपल्याला काय रस्ता ओलांडायला शिकवायचंय?’ असं बसमध्ये म्हणालेले गृहस्थ जुन्या वस्तीतल्या रस्त्याच्या काठावर दहा मिनिटं उभे होते. मोटरसायकलींचा लोंढा, फट नावाला नाही. ठाण्यात आपण फट शोधतो, हनोईत ती तुमच्या भोवती तयार होते. पद्धत अशी: उतरायचं, सावकाश आणि एकाच वेगाने चालत राहायचं. थांबायचं नाही, धावायचं नाही, आणि मागे तर मुळीच फिरायचं नाही. प्रत्येक बाइकवाला लांबूनच अंदाज बांधत असतो की तीन सेकंदांनी हा माणूस कुठे असेल, आणि त्याच्या अलीकडून जायचं की पलीकडून ते ठरवतो. तुम्ही दचकून थांबलात की त्या सगळ्यांचे अंदाज एकदम चुकतात. आपली ती रस्त्याच्या मधोमध थबकायची ठाणेरी लकब तिथे नडते. मात्र ही युक्ती दुचाकींपुरतीच. बाइक अरुंद असते, वळते. बस आणि मोटारी वळत नाहीत, त्यांना जाऊ द्यायचं. हॉर्न तिथे भरपूर वाजतो आणि त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच असतो. तो आवाज ऐकून मला क्षणभर जांभळी नाक्यावर आल्यासारखं वाटलं.

दंडाचं थोडक्यात. दुबईत भलतीकडून रस्ता ओलांडल्याचा दंड ४०० दिरहॅम, आणि वेगवान रस्त्यांसाठी २०२५ पासून कायदा पुष्कळ कडक झाला आहे. सिंगापूरमध्ये जवळ, म्हणजे ५० मीटरच्या आत, पट्टे किंवा पूल असताना दुसरीकडून ओलांडणं हा गुन्हा. जर्मनीत लाल दिव्यावर ओलांडल्याचे ५ युरो. पण खरी किंमत नजरेची असते, विशेषतः आजूबाजूला लहान मूल असेल तर. ‘रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि हे सगळे शाळेतल्यासारखे उभे,’ असं आई म्हणायची, पण उभी राहायची. ब्रिटनमध्ये आपल्या जबाबदारीवर कुठूनही ओलांडलं तर गुन्हा नाही, फक्त मोटरवेवर पायी जायचं नाही. अमेरिकेत यासाठी वापरतात त्या ‘जेवॉकिंग’ शब्दातला ‘जे’ म्हणजे गावंढळ. रस्ता गाड्यांचा आहे हे लोकांच्या गळी उतरवायला १९२० च्या दशकात मोटारवाल्यांनी तो शब्द उचलून धरला. आता कॅलिफोर्नियाने २०२३ पासून आणि न्यूयॉर्क शहराने २०२५ पासून हा गुन्हा जवळपास सोडून दिला आहे. कुठे काय चालतं ते निघण्यापूर्वी मुलांना विचारून घ्या, हसले तरी चालतील.

जाणाऱ्या प्रत्येकाला मी शेवटी एवढंच काम देतो: पहिल्या दिवशी, झोप झाल्यावर, घराजवळच्या चौकात पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा. पट्ट्यांपासून लांब. चार-पाच दिवे बदललेले बघा, लोक कधी उतरतात, गाड्या कुठून वळतात, बटण कोण दाबतं. मग एखाद्या स्थानिक आजींच्या मागोमाग ओलांडा. तरुण पोरांच्या मागे नको, ती सगळीकडे सारखीच.

आई परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही राम मारुती रोडला गेलो होतो. ती फुटपाथच्या कडेशी थांबली, डावीकडे बघून उतरायला निघाली आणि मी दंड धरून मागे ओढली. रिक्षा उजवीकडून आली होती. खरं तर डावीकडूनही एक बाइक येत होती, राँग साइडने, म्हणजे आईचं अगदीच चुकलं नव्हतं. तिने पिशवी डाव्या हातात घेतली आणि दोघांनाही हात दाखवला.